एकच फोटो नीट आला

१९ जानेवारी

ताई,

नमस्कार लिहावा की नाही, यावरच घोडं अडलं होतं. शेवटी नुसतंच ‘ताई’ लिहिलं. तू म्हणाली होतीस, पुन्हा फोन करू नकोस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून हा आडमार्ग. फाडून टाकलंस तरी मला इथे कळणार नाही, तेव्हा खुशाल फाड.

बातमी एवढीच की मी कॅमेरा घेतला. नवा, पेटीबंद. तुझ्या कपाळावरची आठी मला इथूनही दिसते. आई गेली तेव्हा याला यायला जमलं नाही, आणि आता बसलाय कॅमेरे घेत. म्हण, तुझा हक्क आहे. रजा मिळाली नव्हती हे मी तेव्हाच सांगितलं होतं. दोन वर्षं झाली, पुन्हा तेच उगाळत नाही.

कॅमेरा घेतला तो रविवार काढायला. लॉन्ड्रीतले सहा दिवस कसे जातात कळत नाही. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी येतात. धुऊन आल्या की मी आणि माझ्या खोलीतला लांब्या त्यांची टोकं धरून इस्त्रीच्या रोलरमध्ये सरकवतो. दिवसाला दोन हजार. त्यात डोक्याला विचार करायला फुरसत मिळत नाही, हेच त्या कामाचं सुख. रविवारी मात्र आठ खाटा, आठ माणसं आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसते. ती आता मला पाठ झाली आहे.

दुकान आमच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर आहे. दुकानदार म्हातारा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कशाचे फोटो काढणार, असं त्याने विचारलं. मला इथली भाषा चादरीपुरतीच येते. ओलं, कोरडं, डाग, लवकर. मी म्हटलं, ‘माणसं.’ त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि स्वतःच काउंटरपलीकडे ताठ उभा राहिला. घे, बघ काढून.

मी डोळा लावला, आणि एक गोष्ट लक्षात आली. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे मी कित्येक महिन्यांत सरळ बघितलंच नव्हतं. मध्ये काच असली की बघता येतं. फोटोत त्याचं डोकं कापलं गेलं, नुसता चष्मा आणि पोट आलं. तो हसला. मी तोच कॅमेरा बांधून मागितला.

खोलीवर आणला तर सगळे गोळा झाले. माझ्या शेजारच्या खाटेवर आमचा बॉयलरवाला असतो. वयाने पन्नाशीचा, खोलीत सगळ्यांत मोठा. कुणी घाईत असलं, रडत असलं, भांडत असलं, तर त्याचं औषध एकच, ‘दमानं घे.’ त्यावरून लांब्याने त्याचं आडनाव दमाने ठेवलं. आता हजेरीवालासुद्धा त्याला दमाने म्हणतो. या दमान्यांनी पेटीतलं माहितीचं पुस्तक काढून चित्रं बघत बघत मला सांगितलं, ‘बटण अर्धं दाबायचं. थांबायचं. मग पूर्ण दाबायचं. तुझ्यासारख्याला अवघड आहे.’

बाकी ठीक. तू औषधं वेळेवर घेत असशील.

तुझा
बारक्या

९ फेब्रुवारी

ताई,

उत्तराची वाट बघत नाही, असं लिहिणार होतो. पण बघतो.

फोटोंची प्रगती शून्य. चाळीस काढले, चाळीस वाया. हललेले, काळे, कुणाचं कपाळ नाही, कुणाचे पाय नाहीत. लहानपणी मला सुईत दोरा ओवायला द्यायचीस आणि ‘डोळे फुटले का’ म्हणून हातातून काढून घ्यायचीस. हाताची ती थरथर अजून आहे.

चाळीसपैकी पंचवीस दमान्यांचे आहेत. दुसरं कोण बसणार? लांब्याला एका जागी अर्धा मिनिट बसवत नाही. दमाने बसतात. दुपारच्या सुट्टीत मी डबा घेऊन बॉयलरच्या खोलीत जातो. बाहेर थंडी आणि आत भट्टी, त्यामुळे आत पाऊल टाकलं की लेन्सवर वाफ धरते. पहिल्या दिवशी मी ती शर्टाने पुसायला लागलो तर त्यांनी हात धरला. ‘पुसू नकोस. काच खोलीइतकी गरम होऊ दे, आपोआप निघेल. दमानं.’ तोवर आम्ही जेवतो. ते एक डोळा घड्याळासारख्या त्या दाबाच्या काट्यावर ठेवून जेवतात. मग स्टुलावर बसतात आणि मी बटण अर्धं दाबून त्यांना ‘इकडे बघा, तिकडे बघा’ करतो.

आता खोलीतल्या बाकीच्यांनाही फोटो हवेत. लांब्याला स्थळांसाठी. एकाला सासऱ्याला दाखवायला की जावई वाळला नाही. चांगले कपडे कुणाकडे नाहीत. दमान्यांकडे एक निळा कोट आहे, घरी जाताना घालायला घेतलेला. रविवारी सातही जणांनी आळीपाळीने तोच घातला. लांब्याला बाह्या कोपरापर्यंत येत होत्या, म्हणून त्याने हात पाठीमागे बांधले. दमाने खाटेवर बसून म्हणाले, ‘एकाच घरात सात पोरी द्यायच्या असल्या तर हे फोटो बरे आहेत.’

ते मे महिन्यात घरी जाणार आहेत. पाच वर्षांनी. त्यांच्या बायकोची पिठाची गिरणी आहे, मुलगी नर्सिंग शिकते. दर रविवारी फोन लावतात आणि गिरणीच्या पट्ट्याची चौकशी आधी करतात, माणसांची मागून.

माझीही चौकशी करतात. तुझी, आईची.

भाचीचं लग्न झाल्याचं कळलं. कुणाकडून ते सोड. फोटो पाहिले नाहीत.

बारक्या

२३ फेब्रुवारी

ताई,

एक फोटो नीट आला. काल दुपारी, बॉयलरच्या खोलीत. दमान्यांचा चेहरा स्वच्छ आहे, भुवईतला पांढरा केससुद्धा मोजता येतो. सरळ कॅमेऱ्यात बघताहेत. कुणीही म्हणेल, फोटोवाल्याला विद्या आली.

विद्याबिद्या काही नाही. त्यांनी मला एक गोष्ट विचारली आणि माझं बोट दचकून दाबलं गेलं, एवढंच.

काय विचारलं ते लिहिण्यासारखं नाही. फोटोही तुला पाठवत नाही. त्यांना दाखवला नाही, लांब्याला दाखवला नाही. पुसूनही टाकवत नाही. कॅमेरा ट्रंकेत ठेवला आहे, या रविवारी काढणार नाही.

पत्र छोटं आहे. हात दुखतो. सध्या दवाखान्याचं काम जास्त येतंय.

बारक्या

११ मार्च

ताई,

दमाने गेले. सोमवारी सकाळी साडेदहाला, कामावरच.

शनिवारपासून छातीत भरल्यासारखं होतं म्हणत होते. गॅस झालाय म्हणाले. लांब्याने डॉक्टरकडे चला म्हटलं तर त्याला म्हणाले, ‘दमानं घे, सोमवारी सुट्टी मागतो.’ सोमवारी सुट्टी न मागता बॉयलर पेटवायला गेले, कारण दुसऱ्या माणसाला वाल्व उघडायची घाई असते आणि त्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता.

वाफेचा दाब उतरला तेव्हा आम्हाला कळलं. आमचा रोलर थंड पडायला लागला, चादरी ओल्याच बाहेर यायला लागल्या. मुकादम ओरडत खाली गेला. तो परत वर आला तेव्हा ओरडत नव्हता.

स्टुलावरच बसले होते, पाठ भिंतीला टेकलेली. मी पायऱ्या उतरून आत गेलो तर मला ते फोटोसाठी बसल्यासारखेच वाटले.

काल मी कॅमेरा ट्रंकेतून काढला आणि ते वाया गेलेले पंचवीस एकेक करून बघितले. फेब्रुवारीतल्या तीन फोटोंत त्यांचा डावा हात छातीवर आहे. एकात तर शर्ट मुठीत धरलेला आहे. मी तेव्हा फोकस बघत होतो.

बारक्या

१५ मार्च

ताई,

दमान्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला होता. लांब्याकडे. नंतर माझ्याकडे दिला. रडत नव्हत्या. म्हणाल्या, ‘घरात लावायला त्यांचा एक नीट फोटो नाही. आहे तो लग्नातला, त्यात मिसरूडसुद्धा नाही. ते म्हणायचे, तुम्ही कॅमेरा घेतलाय. एखादा असेल ना?’

मी ‘आहे’ म्हटलं. तो एकच आहे.

मृतदेहाबरोबर कंपनी एका माणसाला पाठवणार होती. मुकादमाने खोलीत येऊन विचारलं तेव्हा माझा हात आधी वर गेला. मंगळवारी निघतोय. निघायच्या आधी तुला जे सांगायचं ते आज सांगतो, नाहीतर पुन्हा तोंडात मूग धरून बसेन.

मला रजा मिळाली होती.

इथे तीन वर्षांनी एकदा घरी जायची पाळी येते. तू कळवलंस की आईचं काही खरं नाही, तेव्हा माझ्या पाळीला दोन वर्षं होती. पाळी दमान्यांची होती, पुढच्याच आठवड्यात. कोट इस्त्री करून ठेवला होता. मी त्यांच्याकडे काही मागितलं नाही. ते स्वतः ऑफिसात गेले आणि कारकुनाला म्हणाले, ‘याचं नाव माझ्या जागी टाक, माझं याच्या जागी.’ मला येऊन म्हणाले, ‘माझी बायको गिरणी चालवते आहे, ती काही पळून जात नाही. तू जा.’

मी गेलो, ताई. विमानतळापर्यंत गेलो. दुपारचं विमान होतं. सामान तपासून झालं, शिक्का बसला, मी खुर्चीवर जाऊन बसलो. तू फोनवर सांगितलं होतंस ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे यायला लागलं. आई ओळखत नाही, नळीने घालावं लागतं, कूस बदलताना ओरडते. मला वाटलं, मी दारात उभा राहीन आणि ती दुसऱ्याच कुणाकडे बघावं तशी माझ्याकडे बघेल. रांग लागली तेव्हा सगळे उठले, मी उठलो नाही. मग भोंग्यावरून नाव पुकारलं, तीनदा. इथल्या भाषेत माझं नाव वाकडंच म्हणतात, पण माझंच होतं. मी तिथे बसून ते ऐकलं.

संध्याकाळच्या बसने खोलीवर परत आलो. दमाने खाटेवर बसून बटण शिवत होते. मी म्हटलं, विमानतळावर ताईचा फोन आला, आईने डोळे उघडले, दोन घास खाल्ले, डॉक्टर म्हणाले धोका टळला, येऊ नकोस. हे सगळं एका दमात कसं सुचलं मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की मला खालीच बघावं लागलं. कारकून म्हणाला, शिक्का बसला म्हणजे पाळी संपली. म्हणजे त्यांची. ते म्हणाले, ‘असू दे, आई वाचली ना.’

आणि तुला फोनवर मी म्हटलं, रजा नामंजूर झाली.

नऊ दिवसांनी आई गेली. तुझा फोन आला तेव्हा मी रोलरवर होतो. फोन ठेवला आणि चादर धरली. खोलीत कुणाला सांगणार? वाचलेली आई गेली कशी, हे विचारलं असतं. तेव्हा मी त्यांच्याबरोबर जेवलो, पत्ते खेळलो. रडू आलं तर धुलाईच्या यंत्रामागे जायचो, तिथे काही ऐकू येत नाही.

आणि त्यानंतर दोन वर्षं, दर रविवारी, घरचा फोन झाला की ते मला विचारायचे, ‘आई कशी आहे?’ मी म्हणायचो, बरी आहे. पुढे पुढे नुसतं बरी आहे पुरेना. मग मी सांगायचो, गुडघे दुखतात म्हणते. शेजारणीशी अबोला धरलाय. चष्मा बदलला. तुला काय सांगू, मला ते सांगायला आवडायला लागलं होतं. आठवडाभर मी जमवाजमव करायचो की या रविवारी आईचं काय सांगावं. गेल्या वर्षी त्यांनी गुडघ्याला बांधायचे पट्टे आणून दिले, कुणी जाणारा असेल त्याच्या हाती आईला पाठव म्हणून. ते माझ्या ट्रंकेत आहेत.

बावीस फेब्रुवारीला डबा झाला, काचेवरची वाफ गेली, मी बटण अर्धं दाबलं होतं. ते शांतपणे म्हणाले, ‘आई कधी गेली रे?’

तो फोटो.

मी कॅमेरा खाली केला नाही. त्याच्याआडूनच विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, ‘कुणी नाही. दोन वर्षांत तू आईवर एकदाही चिडला नाहीस. जिवंत आईवर माणूस चिडतो.’

मग मी सगळं सांगितलं, विमानतळापासून. ऐकताना त्यांनी दाबाच्या काट्याकडे दोनदा बघितलं. शिव्या देतील असं वाटलं. मग म्हणाले, ‘मेमध्ये मात्र मी जाणार. ती पाळी मागू नकोस.’ एवढंच. उठून राख काढायला लागले.

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्या फोटोत बघून बघून मी ठरवायचा प्रयत्न करतो. कधी वाटतं केलंय. कधी वाटतं, इतक्या जवळून माझ्याकडे कुणी कधीच असं बघितलं नव्हतं आणि पुन्हा बघू नये.

हे वाचून तू काय करायचं ते कर.

बारक्या

२४ मार्च

ताई,

हे दमान्यांच्या गावातून लिहितो आहे. गिरणीच्या मागच्या खोलीत माझी झोपायची सोय केली आहे. सगळं आटोपलं. पेटी घेऊन आलेला माणूस म्हणून मला सगळे फार मानाने वागवतात. चहा आधी मला देतात.

वहिनी दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर आहेत. म्हणाल्या, ‘लोकांची दळणं अडलीत.’ पापण्यांवर पीठ असतं. मुलगी बापावर गेली आहे, सगळं सावकाश करते.

फोटो मी शहरात मोठा करून, चौकट लावून आणला होता. परवा दुपारी गिरणी बंद झाल्यावर वहिनींच्या हातात दिला. त्यांनी पदराने आधी स्वतःचे हात पुसले. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या, ‘हे असे फोटोत कधी बघत नव्हते. फोटो म्हटलं की मान ताठ करायचे. इथे कुणाकडे बघताहेत?’

मी म्हटलं, ‘माझ्याकडे.’

‘काही बोलत होते का?’

इथे मला साधं ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी ते म्हटलं नाही. पत्रात तुझ्यापुढे लिहून झालं होतं, त्यामुळे जीभ सैल झाली होती म्हण. मी त्यांना सांगितलं की दोन वर्षांपूर्वी ते घरी यायचे होते, ती पाळी मला दिली आणि मी ती विमानतळावर बसून घालवली. कोट इस्त्री करून ठेवला होता हेही सांगितलं. ते का सांगितलं कुणास ठाऊक.

वहिनी चौकट बाजूला टेकवून गिरणीचा पट्टा सैल करत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, ‘मला म्हणाले होते, कंपनीत काम वाढलंय म्हणून येत नाही. मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते.’

मी मान खाली घातली.

‘हे मला आता कशाला सांगितलंत?’

खरं सांगावं म्हणून, असं काहीतरी पुटपुटलो.

‘तुम्हाला हलकं वाटलं असेल,’ त्या म्हणाल्या. ‘आता ते वजन माझ्याकडे आलं. इतके दिवस मी म्हणत होते, नशिबात नव्हतं. आता मला म्हणायला तेवढंही राहिलं नाही. तुमचं तोंड आठवणार.’

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मुलगी दारात येऊन उभी राहिली, तिला म्हणाल्या, ‘जा, यांना पाणी दे.’ मी फोटो परत न्यायला हात पुढे केला. तर त्यांनी चौकट उचलून छातीशी धरली. ‘फोटो राहू दे. तुमच्याकडे बघताहेत म्हणून ठेवत नाहीये. दुसरा नाही म्हणून ठेवते.’

रात्रभर हेच डोक्यात होतं की तुला लिहिलेलं पंधरा तारखेचं पत्र पोस्टात टाकून झालंय. तेही कशाला लिहिलं? तुलाही आता काय म्हणायला राहिलं? ते परत घेता येत नाही.

उद्या सकाळी इथून निघतो. तुझं घर वाटेत आहे. परवा दुपारपर्यंत हे पत्र तुला मिळेल की मी आधी पोचेन, माहीत नाही. दार उघडलं नाहीस तर जिन्यात थोडा बसून निघून जाईन. संध्याकाळची गाडी आहे.

बारक्या

९ एप्रिल

ताई,

पोचलो. काम सुरू झालं. बॉयलरवर नवा माणूस आहे, वाफ एकदम सोडतो, रोलर चादरीची कड करपवतो.

तुझ्याकडून निघाल्यापासून जे बोलायचं राहिलं ते लिहितो. आपण बोललोच किती? मी बेल वाजवली. तू दार उघडलंस, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, ‘चप्पल आत काढ, बाहेर चोरीला जातात.’ दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मी चप्पल आत काढली. माझी पत्रं खिडकीत होती, कात्रीने नीट कापलेली, तारखेप्रमाणे लावलेली. शेवटचं नव्हतं. ते बहुतेक माझ्यानंतर आलं असेल.

तू वाढलंस, मी जेवलो. तू नाही बसलीस जेवायला. केस किती पांढरे झालेत तुझे. भाऊजींचं दुकान, भाचीची नोकरी, नळाला पाणी कधी येतं, हे सगळं झालं. पंधरा तारखेच्या पत्राचं तू काढलं नाहीस. मला वाटलं, नाहीच काढणार. ताट उचलताना उभ्या उभ्याच म्हणालीस, ‘तुला वाटत असेल, ती तुला विचारत होती शेवटी.’

तसंच वाटत होतं मला. दोन वर्षं.

‘नव्हती विचारत. मीही तुला चिडून सांगायचं ठरवलं होतं की सारखं तुझंच नाव घेत होती. पण नव्हती घेत. माझंही नव्हती घेत. मी रोज अंग पुसायचे आणि ती मला बाई म्हणायची. हळू गं बाई, असं. तू आला असतास तर तिला तुझा उपयोग नव्हता. मला तुझा झाला असता.’

मी ते ऐकून घेतलं. विमानतळावर तीनदा नाव पुकारलं ते मी आईचं बोलावणं समजत होतो. तुझं होतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग तू ताट घासायला घेतलंस आणि मी पुसून ठेवत होतो. लहानपणी हेच काम माझं होतं. तू एकदाही रडली नाहीस आणि मला जवळ घेतलं नाहीस. घेशील असं मी गृहीत धरलेलं नव्हतं. निघायची वेळ झाली तेव्हा मी पिशवीतून कॅमेरा काढला. खिडकीतून उजेड चांगला येत होता आणि तू हात पुसत उभी होतीस. मी म्हटलं, ‘ताई, एक काढू?’

तू चेहरा वळवलास. ‘नको.’

‘एकच. आता नीट येतात मला.’

‘येत असतील. पण माझा फोटो तुझ्याजवळ असला की तू यायचा नाहीस.’

मी कॅमेरा पिशवीत ठेवला. तू दारापर्यंत आलीस, जिन्यापर्यंत आली नाहीस. गाडीत बसलो तेव्हा मला तुझ्यावर राग आला होता, खरं सांगतो. इतकी कशी कठोर, असं वाटलं. दोन थांबे गेल्यावर राग उतरला.

तुझं बरोबर आहे, ताई. आईचा फोटो होता माझ्याकडे. विमानतळावर नाव पुकारत होते तेव्हा खिशातून काढून बघत बसलो होतो. त्यात ती हसते आहे.

तुझा
बारक्या